वाणातलं बंगाली झाड

कोड्यात बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो. हो तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. पण आमच्या गणेशपेठेतल्या घरात 'भाजीत मीठ कमी झालं' हेसुद्धा कोणी सरळ सांगत नसे. सासूबाई, प्रयागबाई, भाजी ताटाच्या कडेला सारत आणि मिठाच्या वाटीकडे बघत. आपण ओळखायचं.

त्याच घरात माझ्या थोरल्या जाऊबाई, इंदुताई, भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या पंगतीत एक वाक्य बोलून गेल्या. त्यांना तेव्हा सातवा महिना होता. दोन मुलगे आणि एक मुलगी आधीच होती, हे चौथं. माझ्या लग्नाला दहा वर्षं होत आली होती आणि मला मूल नव्हतं. मी आंबील वाढत होते. इंदुताई सगळ्या सवाष्णींसमोर म्हणाल्या, "या खेपेले जे होईल, ते प्रेमिलाच्या ओटीत घालीन. माह्याकडं हायेतच तीन."

बायकांनी माना डोलावल्या. घरातल्या घरात दत्तक देणं आमच्याकडे नवं नव्हतं. माझे सासरेच त्यांच्या काकांना दिलेले होते. मला इतका आनंद झाला की एकीच्याच पानात मी दोनदा आंबील वाढली आणि दुसरीला विसरले.

कार्तिकात मुलगी झाली. बारसं झालं, शामला नाव ठेवलं. नाव काय ठेवायचं ते मला कोणी विचारलं नाही, पाळण्याची दोरी मात्र माझ्याच हातात दिली. म्हणजे काय समजायचं? रोज सकाळी तिला तेल लावून न्हाऊ घालायचं काम माझ्याकडे आलं. ते देणं सुरू झालं म्हणून, की इंदुताईंना तीन पोरांच्या शाळेच्या गडबडीत सवड नव्हती म्हणून? मी वाट पाहत राहिले. महालक्ष्म्यांपुढचं बोलणं कोणी पुन्हा काढलं नाही.

"तू इचारून काहून नाही घेत?" आमचे हे म्हणायचे. गिरिधर त्यांचं नाव, गिरणीत हजेरी-कारकून.

"काय इचारू? इंदुताई, तुमची पोरगी कधी देता, असं? तुम्हीच इचारा ना तुमच्या भावाले."

"मी काहून? ते बायकांचं बोलणं व्हतं."

एवढं बोलून ते वर्तमानपत्र उघडून बसत. दोन्ही भावांची हीच तऱ्हा. अवघड विषय निघाला की एकाला वर्तमानपत्र आठवायचं आणि दुसऱ्याला ड्यूटी.

शहात्तर सालच्या संक्रांतीला इंदुताईंनी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्लास्टिकच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या ओटीत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे घातले, आणि गाळणीच्या जागी, त्या सगळ्यावर अलगद, एका झाडाचं पिल्लू ठेवलं.

हे झाड म्हणजे ऑर्किड. इंदुताईंचे यजमान मनोहरराव, म्हणजे माझे भासरे, मालगाडीचे गार्ड होते. बिलासपूरच्या एका बंगाली स्टेशनमास्तरांनी बदली होऊन जाताना ते त्यांना देऊन टाकलं होतं. इंदुताईंच्या खिडकीत ते लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत टांगलेलं असे. आम्ही त्याला बंगाली झाड म्हणत असू. त्याच्या उसासारख्या पेरांच्या कांडीला, वरच्या एका पेरापाशी, त्या हिवाळ्यात एक छोटं रोप फुटलं होतं. तीन पानं, आणि हवेतच लोंबणारी दोन पांढरी मुळं. खाली मातीचा पत्ता नाही आणि ह्याला मुळं! तेच कापून त्यांनी मला दिलं होतं.

"जपजो वं," इंदुताई म्हणाल्या. बघत होत्या मात्र बोरांच्या ताटाकडे.

मी ओटी सावरत अंगणापलीकडच्या आमच्या दोन खोल्यांत आले आणि पिल्लू पुढ्यात ठेवून बसले. हे काय होतं? ओटीत घालीन म्हणाल्या होत्या, ते हे घातलं? पोरीच्या बदल्यात झाड, झाली फिटंफाट? की आधी हे आणि पोरगी मागाहून? गाळण्या कमी पडल्या म्हणावं, तर कोपऱ्यात उरलेल्या गाळण्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

"झाड हाय," हे म्हणाले. "झाड म्हून देलं."

मी पिल्लू सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मुळाला बोट लावून पाहिलं. "पयले हे तं जगव," एवढं म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या.

पयले! म्हणजे त्याच्यानंतर काहीतरी होतं. सासूबाई हे स्वतःच्या मनानं बोलल्या की इंदुताईंशी त्यांचं काही बोलणं झालं होतं, देव जाणे. पण मला तेवढा एक शब्द पुरला. ही परीक्षा आहे असं मी धरून चालले. मूल सांभाळता येईल का, हे आधी झाडावर बघतायत. हे जगलं की शामला माझी.

मी एका डब्यात चांगली काळी माती भरली, शेणखत घातलं, दोन्ही मुळं नीट आत दाबली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. माणूस आणखी काय करणार? थोड्याच दिवसांत एक पान पिवळं पडून गळालं. उकरून पाहिलं तर एक मूळ कुजून तपकिरी झालेलं, हाताला बुळबुळीत लागलं. मी चुलीपाशी बसून रडले. भात करपला तो वेगळाच.

आता या झाडाची माहिती असणारा माणूस एकच, मनोहरराव. आणि भासऱ्यांशी मी बोलत नसे, आमच्याकडे रीतच नव्हती. ते ड्यूटीवरून आले तेव्हा मी पदर घेऊन दाराआड उभी राहिले आणि चौकटीला म्हणाले, "बंगाली झाडाच्या पिलाले काय लागते म्हणाव?"

भासऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर दिलं. "मास्तर सांगे, त्याले माती नाही चालत. लाकडाचा कोळसा अन् इटेचे तुकडे. पाणी रोज पायजे, पण पाणी राहू द्यायचं नाही. उजेड पायजे, ऊन नको. मुळं झाकायची नाही. अन् सारखं हालवायचं बी नाही."

पाणी द्या पण राहू देऊ नका, उजेडात ठेवा पण उन्हात नको. हे नियम झाडाचे होते की सासुरवाशिणीचे, तेच मला कळेना. तरी धीर करून मी चौकटीला आणखी एक विचारलं, "अन् पिल्लू मोठ्या झाडापासून कधी तोडायचं असते?"

"मुळं बोटभर झाली की. त्याच्याआधी तोडलं तं..." भासरे थांबले. कॅलेंडरकडे बघत राहिले. "पुढं मास्तर काय म्हणे, आठवत नाही."

माझ्या पिलाची मुळं अर्ध्या बोटाचीही नव्हती. मग इंदुताईंनी ते लवकर का कापलं? मरावं म्हणून? मी परीक्षेत नापास व्हावं म्हणून? अंगणापलीकडे त्या शामलेला मांडीवर घेऊन हसत बसलेल्या दिसायच्या आणि माझ्याकडे बघूनही हसायच्या. त्या हसण्याचा अर्थ लावता लावता माझं डोकं उठायचं. एका क्षणी वाटायचं, किती मायेची बाई. दुसऱ्या क्षणी वाटायचं, पक्की आतल्या गाठीची.

पण झाड तर जगवायचंच होतं. मी पिल्लू धुतलं, कुजका भाग ब्लेडनं कापून टाकला. फुटक्या माठाचं बूड घेतलं, त्याला भोकं पाडली. शेगडीसाठी आणलेले कोळसे फोडून, काळं पाणी जाईपर्यंत धुऊन घेतले आणि विटेच्या तुकड्यांबरोबर त्यात भरले. रोप लटपटू नये म्हणून काडी रोवून सुती दोऱ्यानं सैल बांधलं. आमच्या पडवीत पाण्याचा रांजण होता, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं असे. त्याच्या आडोशाला ते ठेवलं. धोबी इस्त्री करताना तोंडानं पाणी फुंकतो तसं मी रोज सकाळी त्याच्यावर पाणी फुंकत असे. शेजारणी हसायच्या. हसू देत.

शामलेचं अंग चोळतानाही माझं निम्मं लक्ष त्या रांजणापाशी असायचं. ती आता पालथी पडायला लागली होती. मी दिसले की हात उचलायची, माझा पदर तोंडात घालून चोखायची. "थोडेच दिवस राहिले वं," मी तिच्या कानात सांगायची. दोन झबली शिवून मी ट्रंकेत ठेवली होती, यांनासुद्धा न सांगता.

चैत्र गेला. पिलाची दोन पानं तशीच, ना वाढ, ना मरण. जिवंत आहे की वाळायचं तेवढं राहिलंय, हेसुद्धा समजत नव्हतं. वैशाखात झळा सुरू झाल्या आणि मी आशा सोडली. मग एका सकाळी पानाच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका दिसला. त्याचं मूळ झालं, पांढरं, हिरव्या टोकाचं. ते कोळशात शिरायचं सोडून बाहेर आलं आणि रांजणाच्या ओल्या पोत्याकडे निघालं. मी ते आत वळवायला गेले, ते पुन्हा बाहेर. शेवटी म्हटलं, जा बाई तुला जायचं तिकडे. ज्येष्ठ लागेपर्यंत आणखी एक मूळ फुटलं आणि वर कोवळं पान आलं.

पान दिसलं त्याच दुपारी मी नवं लुगडं नेसले, वेणी घातली, आणि माठाचं ते बूड दोन्ही हातांत धरून इंदुताईंकडे गेले. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, पोरं कुठंतरी खेळत होती. शामला पाळण्यात झोपली होती. इंदुताई गहू निवडत बसल्या होत्या. खिडकीतल्या टोपलीत नुसत्या वाळक्या कांड्या होत्या. त्यांचं मोठं झाड झळांनी गेलं होतं.

"इंदुताई," मी म्हणाले, "जगलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि पिल्लू माझ्या हातून घेतलं. त्यांचा चेहरा फुलला. "अवं माय! नव्या मुळ्या बी आल्या का? बरं झालं वं आणून देलं. माहं तं पार करपलं. हे आता या टोपल्यात टांगते."

आणि त्या खरंच उठल्या, खिडकीकडे वळल्या.

मी न्यायला आले होते आणि ही बाई होतं तेही घेत होती. मी झटकन पुढे होऊन त्या बुडाची दुसरी कड धरली.

"ते माहं हाय."

"असं काय करतं वं? माह्याच झाडाचं तं हाय."

"एकदा देलं ते परत घेत नसते, इंदुताई. अन् एकदा बोललं ते बी."

आमच्या दोघींचे हात त्या मातीच्या बुडावर होते. इंदुताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पाळण्याकडे बघितलं. आणि त्यांचे हात सुटले. त्या गव्हाच्या सुपाशेजारी तशाच बसल्या.

"मी तुले झाड देलं वं, प्रेमिला," त्या हळू म्हणाल्या. "झाडच देलं."

"अन् पोरगी?"

इतके महिने तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मीच उच्चारला आणि माझे कान तापले.

"देणार व्हती. शप्पथ घेते, देणार व्हती. पण तिले पयल्यांदा पाजलं, अन् मंग नाही झालं माह्याच्यानं. तुले नाही म्हणाले तोंड उघडेना. देवापुढं बोलून बसली व्हती, तुही ओटी रिकामी कशी ठेवू? म्हून संक्रांतीले ते घातलं. वाटलं, तू समजशीन."

"मी समजली, जगवलं तं पोरगी भेटते!" माझा आवाज चढला. "अन् मुळं बोटभर व्हायच्या आधी कापलं काहून? मरावं म्हून?"

इंदुताईंनी मान वर केली. "मुळाचं मले काय माहीत? संक्रांत आली म्हून कापलं."

संक्रांत आली म्हणून! आणि मी चार महिने त्यात डावपेच शोधत होते. मला रडू आलं आणि रागही आला, इतका की ते बूड त्यांच्या गव्हात आपटावंसं वाटलं. 'नाही' हा एवढासा शब्द. तो संक्रांतीला म्हटला असता तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते, आणि त्या ट्रंकेत काही शिवून ठेवलं नसतं. हे सगळं मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, झबल्यांसकट. इंदुताई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"उद्या येशीन का वं तेल लावाले?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "तिले तुह्याच हाताची सवय झाली. माह्याजवळ अंग चोरते."

यायचं की पुन्हा त्या दारात पाऊल ठेवायचं नाही? आता तर सगळं सरळ झालं होतं, कोडं म्हणून काही उरलं नव्हतं, तरी मी ना हो म्हटलं, ना नाही. पिल्लू मांडीवर घेऊन मी गव्हाच्या सुपापाशी बसले.

तेवढ्यात शामला जागी झाली आणि रडायला लागली. आम्ही दोघी एकदमच उठलो. मग मी खाली बसले.