मागून हाक

शौनकच्या जागी दर्भाचा पुतळा जाळायचं ठरलं, तेव्हाच मी घरात सांगून टाकलं, गवताला मी भाऊ म्हणणार नाही. श्रावणात आरे-वारेच्या खडकांवर पक्ष्यांचे फोटो काढताना लाटेने त्याला ओढून नेलं. तो सापडलाच नाही. "हे अडकून राहायला नकोत हो, वन्सं," त्याची बायको मालन म्हणाली. मला तिचा रागच आला. आज सकाळी श्रीपतीदादा भटजींना घेऊन किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात गेला, आणि मी शौनकचा जुना कॅमेरा उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

वाळूवर कुरव पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता. शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे सगळे वाऱ्याकडे तोंड करून होते. सुरूमागून धूर निघाला. मी मुद्दाम तिकडे पाठ केली आणि फोटो काढत राहिले.

स्क्रीनवर बघितलं, तर थव्यात, रस्त्याकडच्या अंगाला, एक मोकळी जागा दिसली. माणूस उभा राहील एवढी. पुढच्या फोटोत ती पाण्याच्या दिशेने सरकलेली होती. त्याच्या पुढच्यात आणखी.

मी डोळे वर केले. पक्षी उडत नव्हते, घाबरतही नव्हते. नुसते दोन पावलं बाजूला होत होते, आणि मागे जागा पुन्हा भरत होती. शौनक कधी थवा उडवायचा नाही. म्हणायचा, ताई, हळू चाललं की तेच वाट देतात.

जागा ओल्या वाळूपर्यंत पोचली आणि माझा धीर सुटला.

"शौनक!"

निघालेल्याला मागून हाक मारू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मारलीच, तर त्याने घरात परत यायचं, घटकाभर बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग निघायचं. सगळं माहीत असून मी ओरडले. जागा थांबली. मग एकेक करत सगळ्या कुरवांनी वाऱ्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड वळवलं, आणि ती जागा माझ्या दिशेने येऊ लागली.

मी घरची वाट धरली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. खळ्यात कावळे वाळत घातलेल्या भातावर तुटून पडले होते. मी कडेने गेले आणि पायरीवर चढून वळले. कावळे दोन्ही बाजूंना सरकत होते, थेट पायरीपर्यंत.

दारात मालन उभी होती. तिने ते पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हाक मारलीत?"

मी मान डोलावली.

ती आत जाऊन पितळी भांड्यात पाणी घेऊन आली. पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. वारा नव्हता.

"एवढं पाणी प्याले, की हे जायला मोकळे," ती झोपाळ्याकडे बघत म्हणाली.

"मग ठेव ना समोर."

"ठेवते हो, वन्सं."

भांडं दोन्ही हातांत गच्च धरून ती तशीच उभी राहिली. ऊन पायरीवरून पडवीत आलं, खळ्याच्या टोकाला दादाची चाहूल लागली, तरी तिने भांडं खाली ठेवलं नाही. आणि मीही पुन्हा ठेव म्हटलं नाही.