पासलीच्या विहाराची तुळई

नव्या विहारात मधे खांब नको, एवढीच विहाराचं काम बघणाऱ्या गीताबाईंची अट होती. जुन्या विहारात दोन खांब होते, आणि त्यांच्यामागे बसणाऱ्या बायकांना पुढचं काही दिसायचं नाही. पण चोवीस फुटी सरळ सागवान कुठं मिळेना. लोखंडी गर्डर चढवायला क्रेन लागली असती, आणि पासलीच्या त्या वस्तीवर भातखाचरांतून जाणारी नुसती पायवाट होती.

गीताबाईंची भाची रश्मी पुण्यात इंजिनिअर. तिनं वेगळंच लाकूड सुचवलं. लहान झाडांच्या वाळवलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून, यंत्रात दाबून कारखान्यात हवी तेवढी लांब तुळई बनवतात. जुनं मोठं झाड तोडावं लागत नाही, ती सहसा पिळवटत नाही, आणि माणसांना खांद्यावर नेता येते.

काम आनंदराव सुतारांकडं होतं. चाळीस वर्षं त्यांनी वेल्ह्यातल्या घरांवर आढी-तुळया चढवल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, हितला पाऊस चार म्हयनं उगडत न्हाई," ते म्हणाले. "फळ्यांमदला सरस सुटला तर छप्पर बायांच्या डोक्यावर यील."

रश्मीनं वाद घातला नाही. तिनं कारखान्यातून हातभर नमुना आणून दिला आणि हवं तसं पारखून बघा म्हणाली.

आनंदरावांनी तो आठ दिवस पिंपात बुडवून ठेवला. मग हंड्यात घालून दिवसभर उकळला. त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी, रात्रीच्या जेवणाला हेच वाढू का, असं विचारून घेतलं. नमुना वाळल्यावर त्यांनी सांध्यावर पटाशी ठेवली आणि हातोडा हाणला. लाकूड फुटलं, पण सांधा सोडून शेजारी. तीनदा तसंच झालं.

रविवारी रश्मी आली, तेव्हा आनंदराव ते तुकडे पिशवीत घालून गीताबाईंच्या ओट्यावर हजर झाले.

"लाकूड फुटलं, सांदा न्हाई," ते म्हणाले. "मागीव तुज्या तुळया."

तरी तुळयांची टोकं पावसात उघडी ठेवायची नाहीत, असं त्यांनी बजावलं. रश्मीच्या नकाशात तेच होतं. तो बघून ते खूश झाले.

भात कापून झाल्यावर टेम्पो पायवाटेच्या तोंडापर्यंत आला. एकेक तुळई दहा जणांनी उचलली. आनंदराव पुढं उलटे चालत वाट सांगत होते, आणि सांगता सांगता स्वतःच बांधावरून घसरून खाली बसले. तुळई खांद्यावर घेऊनच सगळे हसत उभे राहिले. चारही तुळया दोन दिवसांत चढल्या.

पाऊस आला नि गेला. छप्पर जागचं हललं नाही. वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी विहार भरला, आणि जुन्या विहारात खांबामागे बसणाऱ्या साळूबाई पहिल्यांदाच पाठीमागं बसूनही सगळं बघू शकल्या.

त्याच आठवड्यात आनंदरावांचा रश्मीला फोन आला. मार्गासनी गावात शाळेसाठी मोठी खोली बांधायची होती, तीही बिनखांबांची.

"म्या सांगून टाकलंय," ते म्हणाले. "आमी दोगं येतो म्हून."