दादारावांचा पाय आणि माझी तार

मी एक जुना, जड आणि तापट अँप्लिफायर आहे, मित्रांनो. शिव्या न देता मला कुणी उचललं असेल, असं मला तरी आठवत नाही. बास गिटारचा आवाज मोठा करणं हे माझं काम. माझ्या पोटात काचेच्या नळ्या आहेत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. बटण दाबलं की मी लगेच बोलत नाही. आधी नळ्या तापतात, नारिंगी उजेड पडतो, मग घसा मोकळा होतो. तुमच्या पणजोबांच्या घरचा रेडिओ असाच नखरे करायचा, विचारा कुणाला तरी.

मी एकटा बिनकामाचा. माझ्याखाली माझा जोडीदार असतो, स्पीकरचा मोठा लाकडी खोका. आम्हा दोघांना एक जाड तार जोडते. ही तार ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कर्मकहाणी तिच्याभोवतीच आहे.

जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तरुणपणी मी लग्नात वाजलो, जत्रेत वाजलो. लोक माझी पाठ थोपटायचे, माझ्यावर बिअरचे ग्लास ठेवायचे. मग हलके, स्वस्त भाऊबंद बाजारात आले आणि माझी रवानगी तळघरात झाली. अंगावर बटाट्यांची पोती आणि मोडकी घसरगाडी. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! किती वर्षं गेली कोण जाणे. शेवटी चढावरच्या गल्लीत जुन्या वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या फ्राउ ब्रेंडले नावाच्या बाईंनी मला उचलून नेलं, पुसलं, नवीन नळ्या बसवल्या आणि काचेमागे मांडलं.

तिथे एका शनिवारी सुगत आला. झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कामातला इंजिनिअर, मूळचा अकोल्याचा. बरोबर त्याचे वडील दादाराव, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. दादारावांनी उभी हयात भीमगीतांच्या पार्टीत बास वाजवला होता. रात्र रात्र भोंग्यांशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानातलं मशीन लावलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं म्हणून ते खिशातच ठेवायचे. अकोल्याच्या घरी गिटार खुंटीला टांगलेली. पण चौदा एप्रिलला इथल्या मराठी मंडळींचा जयंतीचा कार्यक्रम होता आणि सुगतने हट्ट धरला होता, की बाबांनी ती गिटार बरोबर आणायची आणि एक गाणं वाजवायचंच.

सुगतने एक चिमुकला अँप्लिफायर पुढे केला. "बाबा, हा बघा, एकदम लाइटवेट! आपल्याकडे लिफ्ट नाहीये." दादारावांना ऐकू गेलं नाही. ते खाली वाकले, बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाय त्या डबीवर ठेवून आपल्या गिटारची तार छेडली. मान हलवली. दुसऱ्यावर पाय ठेवला, पुन्हा मान हलवली. दुकानातली गिऱ्हाइकं टकामका बघत होती. सुगत कानकोंडा झाला.

मग तो पाय माझ्या जोडीदारावर आला. टाचेला भेगा, तळवा खरखरीत. त्यांनी गिटारची सगळ्यात खालच्या सुराची तार छेडली आणि मी जीव ओतून गरजलो. खोका थरथरला. म्हाताऱ्याच्या पायातून काहीतरी वर चढत गेलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"सुगत, मले ऐकू आलं रे!" ते केवढ्याने ओरडले! "पायातून ऐकू आलं. याच्यात जीव हाय बाप्पा. हाच घे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं कौतुक खूप झालं. पण त्या दिवशी मला रडता येत नाही याचं वाईट वाटलं.

निघताना फ्राउ ब्रेंडलेंनी माझी जाड तार हातात धरून सुगतला बजावलं, "हा चालू असताना ही तार कधीही काढायची नाही. आवाजाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो याला आतून जाळतो. घरात जो कुणी याला हात लावेल त्याला सांग."

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, असं सुगत म्हणाला. त्याला ठाऊकच होतं ते. इंजिनिअर ना तो!

मला तिसऱ्या मजल्यावर चढवताना त्याने मला यथेच्छ शिव्या दिल्या. मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. संध्याकाळी इमारतीच्या नियमातली शांततेची वेळ सुरू व्हायच्या आत दादाराव पाय ठेवून बसायचे आणि वाजवायचे. सून हर्षा चहा आणून द्यायची. नात उर्जा जर्मन शाळेतली, मराठी कळायचं पण उत्तर जर्मनमध्ये. आजोबांना तर दोन्ही ऐकू यायचं नाही. मग तीही मोजे काढून आपला छोटा पाय त्यांच्या पायाशेजारी ठेवायची. तिने त्यांना एक छोटं दिव्याचं यंत्र दिलं होतं. तार सुरात आली की त्यावर हिरवा दिवा लागायचा.

"एकदा लोकांसंगं वाजवून पाहातो," दादाराव एकदा हर्षाला म्हणाले. "जमलं तर अकोल्याले जाऊन पुन्हा पार्टीत उभा राहीन. नाही जमलं तर गिटार कोणाले देऊन टाकीन."

आणि तारेचं? हर्षाने एकदा विचारलं होतं, "अहो, त्या केबलचं बाबांना सांगितलंत का?"

"सांगतो गं. त्यांना एक गोष्ट सांगायची म्हणजे तीनदा ओरडायचं, खालची बाई लगेच दार वाजवते. कामावरून आलं की नाही होत मला. सांगतो नंतर."

तो नंतर काही आला नाही.

चौदा एप्रिलला आम्ही एका भाड्याच्या हॉलमध्ये पोचलो. खाली काँक्रीटची फरशी, भिंतीला निळे झेंडे, मागच्या स्वयंपाकघरात वड्यांचा घाणा. मला चालू केलं, नळ्या तापल्या. मग बुद्धवंदना सुरू होणार म्हणून सगळे उठून उभे राहिले. दादारावांच्या पार्टीत एक रीत होती. वंदनेच्या वेळी मशीनची घरघर ऐकू येऊ नये म्हणून स्पीकरची तार काढून ठेवायची. मशीन बंद करायचं नाही, कारण पुन्हा चालू करताना धाडकन आवाज होतो. त्यांच्या तिकडच्या बिननळ्यांच्या मशिनांना त्याने काही होत नसे. त्यांनी सवयीने मागे हात घातला, माझी जाड तार उपसली आणि हात जोडले. किती आदराने केलं हो त्यांनी ते!

तोवर माझं काही बिघडलं नव्हतं. पण वंदनेनंतर भाषण सुरू झालं. ते लांबलं. सगळ्यांच्या पुढे बसलेल्या सुगतचं लक्ष भाषणाकडे होतं. दादारावांनी तारा सुरात लावायला घेतल्या. हिरवा दिवा लागेपर्यंत ते एकेक तार जोरजोरात छेडत होते. प्रत्येक ठोका माझ्या पोटात येत होता आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. मी ओरडणार कसा? ओरडायचं तोंडच काढून ठेवलेलं. आवाज स्पीकरकडे धाडणारं माझ्या पोटातलं तांब्याच्या तारेचं वेटोळं जळालं.

"अहो, काहीतरी जळतंय," हर्षा म्हणाली.

"वडे असतील, बघ जरा," सुगत कुजबुजला.

गाणं सुरू व्हायच्या आधी दादारावांनी माझी जाड तार पुन्हा जोडली. माझ्या नळ्यांचा उजेड तसाच होता, कारण तो भाग शाबूत होता. ढोलकी कडाडली, सुगत गाऊ लागला. दादारावांनी अनवाणी पाय खोक्यावर ठेवला आणि वाजवलं.

काहीच नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिवे चालू. पायाकडे पाहिलं. दुसरा पाय ठेवून पाहिला. मग वाकून तळहात ठेवला. गाणं चालूच होतं, आणि ते मधेच, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "सुगत, माझा पाय बी गेला रे बेटा."

गाणं थांबलं. सुगत धावला. "बाबा, मशीन जळालंय! तुमचा पाय नाही! मशीन!" तो तीनदा ओरडला, चारदा ओरडला. तेव्हा त्याला ना शेजारीण आठवली ना थकवा. दादारावांनी त्याचं रडवेलं तोंड पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे बाप्पा. मले समजते. लाइट तर चालू हाय."

दुसऱ्या दिवशी सुगतने कुणाचा तरी अँप्लिफायर मागून आणला, पाय ठेवा म्हणून हात जोडले. दादारावांनी पाय पोटाशी घेतले. "नको. पुन्हा नाही पाहाचं मले." उर्जाने त्यांच्या पायाशी बसून काहीतरी जर्मनमध्ये सांगितलं. ते तिच्याकडे बघून हसले, पण पाय काही खाली सोडला नाही. व्हिसा संपला आणि ते अकोल्याला गेले. गिटार त्यांनी देऊन टाकली.

फ्राउ ब्रेंडलेंनी माझं वेटोळं नव्याने गुंडाळून घेतलं. मी पहिल्यासारखा गरजू लागलो तेव्हा सुगत म्हणाला, पुढच्या वर्षी बाबांना परत आणतो. व्हिडिओ पाठवून उपयोग नव्हता, पायाने ऐकणाऱ्या माणसाला व्हिडिओ काय पाठवणार? पण पाऊस संपायच्या आत अकोल्याहून फोन आला. दादाराव झोपेतच गेले होते.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. तळघरात टाकलंत तरी मी सोसलंय. पण ज्याला सांगायचं त्याला सांगा. त्याचे कान गेले असतील तर ओरडून सांगा, लिहून सांगा, हात धरून दाखवा. कंटाळा आला तरी सांगा.

आता सुगतच्या घरी कुणी चहाला जरी आलं, तरी तो आधी त्याला माझ्याजवळ आणतो आणि ती जाड तार दाखवतो. पाहुण्याचे कान चांगले असतात. तरी सुगत मोठ्याने सांगतो, तीनदा. खालची बाई दार वाजवते. तो थांबत नाही.