आवारातच

चौथ्यांदा त्याच ओळीपाशी अडखळल्यावर तिने कानांवरचा हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. काचेपलीकडे बसलेल्या भाषा-प्रयोगशाळेच्या मॅडमनी यंत्र थांबवलं आणि पाण्याचा ग्लास घेऊन त्या आत आल्या. त्यांना वाटलं, घसा बसला असेल.

"घसा ठीक आहे," ती म्हणाली. "ही ओळ म्हणवत नाही."

मॅडमनी कागद हातात घेतला. विद्यापीठाचा परिचय, दीड मिनिटात वाचून व्हावा असा, प्रसिद्धी विभागाने लिहून दिलेला. तिचं बोट होतं ती ओळ अशी होती : 'मुलींसाठी सर्व सोयींनी युक्त असे वसतिगृह विद्यापीठाच्या आवारातच आहे.' मॅडमनी विचारलं, 'सर्व सोयींनी युक्त' जड जातंय का, ते गाळू या का.

"ते राहू द्या. सोयी आहेत. 'आवारातच' नको."

मॅडमना या गावात येऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि कुलसचिवांशीच बोला म्हणून सांगितलं.

विद्यापीठाच्या टेलिफोनवर ती सतरा वर्षं बसत होती. मुख्य दारातून आत शिरलं की डाव्या हाताला खिडकीची छोटी खोली, तिथे तिचा स्विचबोर्ड. गावात तिला एक्स्चेंजबाई म्हणत. घरात सासऱ्यांना ऐकू कमी येई, म्हणून सकाळ-संध्याकाळ ओरडून बोलायचं आणि मधले आठ तास अगदी मऊ आवाजात. तिचा नवरा म्हणायचा, आमच्या वाटणीला नेमका ओरडण्याचा आवाज आला.

नवे कुलसचिव चार महिन्यांपूर्वी मोठ्या शहरातून आले होते. आल्या आल्या त्यांनी फोनसाठी यंत्र मागवलं : प्रवेशासाठी एक दाबा, परीक्षेसाठी दोन दाबा. सुरुवातीला विद्यापीठाचा परिचय, आणि तो तिच्याच आवाजात. सगळ्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे, असं ते म्हणाले होते, आणि ते मनापासून म्हणाले होते. यंत्र सुरू झालं की तिची बदली भांडारात व्हायची होती, वह्या आणि खडूंच्या खोलीत. हे तिने घरी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं आणि मग म्हणाले, "म्हणजे तुझा आवाज नोकरीत कायम आणि तू बाहेर." नवरा हसला. तीही हसली, पण त्या दिवशी तिने पोळीला दोनदा मीठ घातलं.

कुलसचिव जेवत होते. खानावळीचा डबा, टेबलाच्या एका कोपऱ्यात, वर्तमानपत्र अंथरून. तिला पाहून त्यांनी झाकण लावलं. ती नंतर येते म्हणाली, तर त्यांनी खुर्ची दाखवली. कुटुंब शहरात आणि ते इथे विश्रामगृहात. दर शनिवारी दोनच्या बसने जायचे आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत यायचे, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

तिने अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटातून नकाशा काढला आणि दाखवला की वसतिगृहाची जागा विद्यापीठाच्याच मालकीची आहे. तेव्हा 'आवारात' म्हणणं कागदावर तरी चूक नाही. शिवाय शेजारच्या जिल्ह्यातली दोन विद्यापीठं काय काय छापतात, हेही त्यांनी सांगितलं. आपण पहिल्याच मिनिटात वसतिगृह दोन किलोमीटरवर आहे म्हणालो, तर पुढचं कोण ऐकेल?

तिने नकाशा त्यांच्याकडे परत सरकवला. मग तिने मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली.

लाकडाच्या वखारीत काम करणारा एक माणूस होता. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. दोन महिन्यांत त्याने सहा-सात वेळा फोन केला. फी विचारली, गणवेश विचारला, आणि दर वेळी फोन ठेवण्याआधी एकच विचारायचा : वसतिगृह आवारातच ना? ती माहितीपत्रक समोर ठेवून सांगायची, हो, आवारातच. पत्रकात तसं छापलं होतं. तिला खरं माहीत होतं, पण सतरा वर्षांत पत्रकापेक्षा वेगळं बोलायची सवय नव्हती. मग प्रवेशाच्या दिवशी दोन बस बदलून, नऊ तासांचा प्रवास करून बाप-लेक आले. सोबत पत्र्याची ट्रंक. वसतिगृह बघून आले, ते सरळ तिच्या खिडकीशी.

"भांडला का?" कुलसचिवांनी विचारलं.

"नाही. 'तुम्ही आवारात म्हणाला होतात,' एवढंच म्हणाला. मुलीने मला नमस्कार केला. मग ट्रंक उचलली आणि दोघं स्टँडवर गेली."

नंतर तिने तीनदा फोन लावून पाहिला होता. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तो नंबरच बंद होता. तेव्हापासून कुणी विचारलं की ती अंतर सांगायची, रस्ता सांगायची, रस्त्यावर ट्रक असतात तेही सांगायची.

"त्यामुळे किती जण आले नाहीत?"

"ते मोजलं नाही. दारातून परत मात्र कुणी गेलं नाही."

कुलसचिवांनी नकाशाची गुंडाळी केली, रबर लावलं, पुन्हा काढलं. मग विचारलं, चालत किती वेळ लागतो. तिने सांगितलं, माझ्या पायांनी चोवीस मिनिटं. ते तिकडे एकदाच गेले होते, गाडीतून, संचालकांबरोबर. त्यांनी चपला बदलून बूट घातले आणि डबा तसाच ठेवून ते निघाले.

विद्यापीठ जुन्या कापडगिरणीत होतं. करवतीच्या दातांसारखी छपरं, उंच भिंती, वरच्या काचांतून दिवसभर येणारा सारखा उजेड. जिथे पूर्वी मागाच्या रांगा होत्या तिथे आता वर्ग होते. ती दोघं कार्यशाळेच्या बाजूने गेली. एका वर्गात शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुली एकमेकींना पहिलीचा धडा शिकवत होत्या, आणि जी विद्यार्थिनी झाली होती ती खऱ्या पोरांसारखी खोड्या काढत होती. कुलसचिव क्षणभर थांबून बघत राहिले. मागच्या फाटकाशी विद्यापीठाची बस उभी होती. सकाळी आठला शिक्षकांना स्टँडवरून आणायची आणि संध्याकाळी पोचवायची, एवढंच तिचं काम. ड्रायव्हर मागच्या बाकावर पाय पसरून पेपर वाचत होता. कुलसचिवांना पाहून तो उठून बसला. पेपर मात्र उलटा धरला गेला.

फाटकाबाहेर पडलं की मोठा रस्ता. कडेला चालायला हातभर पट्टी, तीही टायरवाल्याच्या दुकानापाशी संपायची. समोरून वसतिगृहाच्या पाच-सहा मुली येत होत्या, एकीमागे एक, पुस्तकं छातीशी धरून. एक ट्रक गेला तशा सगळ्या एकदम थांबल्या, तोंडं फिरवली आणि धूळ बसल्यावर पुन्हा चालायला लागल्या. सवयीने, गप्पा न तोडता. कुलसचिवही थांबले होते. तोंड फिरवायचं त्यांना कळलं नाही, त्यामुळे चष्मा पुसावा लागला.

वसतिगृहात रेक्टरबाई पायऱ्यांवर बसून वाटाणे सोलत होत्या. इमारत लहान पण लख्ख होती. प्रत्येक खोलीला खिडकी, खाली अभ्यासाची मोठी खोली, मागे वाळत घातलेल्या गणवेशांची रांग. रेक्टरबाईंनी न विचारता सांगितलं की एकशे सहा मुली आहेत आणि सहा वर्षांत एकही मधेच सोडून गेलेली नाही.

"एकदा आली की ती हलत नाही," त्या म्हणाल्या. "येईपर्यंतच काय ते."

 परत येताना टायरवाल्यापाशी कुलसचिवांनी विचारलं, तुम्ही फोनवर नेमकं काय सांगता. तिने सांगायला सुरुवात केली आणि फाटक आलं तरी ते संपलं नव्हतं. ते बसच्या दाराशी थांबले, ड्रायव्हरला सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच या वेळा जमतील का म्हणून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, मला काय, बसून पाठ दुखते. मग ते तिच्याकडे वळले.

"उद्या तसंच बोला. कागद नको."

दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन चढवला, डोळे मिटले, आणि पलीकडे कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून उभं आहे असं धरून बोलली.

"नमस्कार. आमचं विद्यापीठ लहान आहे. सात अभ्यासक्रम, साडेअकराशे मुलंमुली. निम्म्याहून जास्त जण त्यांच्या घरातून कॉलेजात आलेले पहिलेच आहेत, त्यामुळे कुठलाही प्रश्न विचारायला लाजू नका. इमारत जुन्या गिरणीची आहे. उन्हाळ्यात गार असते, हिवाळ्यात स्वेटर लागतो. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं असतं. संगणक चाळीस आहेत, परीक्षेच्या दिवसांत रांग लागते. मुलींचं वसतिगृह आवारात नाही, दोन किलोमीटरवर आहे. रस्ता वाहता आहे. सोमवारपासून सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला विद्यापीठाची बस आहे. शक्य असेल तर प्रवेशाआधी एकदा येऊन सगळं बघून जा."

मॅडमनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. एकाच दमात झालं होतं.

ते संचालकांना ऐकवलं तेव्हा त्यातल्या एकांनी विचारलं, ही जाहिरात आहे की धोक्याची सूचना? कुलसचिवांनी एक महिना मागून घेतला. बैठकीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, असं शिपाई सांगत होता.

यंत्र सुरू झालं. पहिल्या दिवशी तिचा स्विचबोर्ड अकरापर्यंत गप्प होता आणि तिने खिडकीची काच दोनदा पुसली. मग दिवा लागला. लोक परिचय शेवटपर्यंत ऐकत होते, आणि ऐकून झाल्यावर शून्य दाबत होते, म्हणजे माणसाशी बोलायचं आहे. प्रयोग लांबला आणि साडेपाचची बस सुटली तर दुसरी आहे का? चाळीस संगणक, तर मुलीने स्वतःचा आणला तर चालेल का? एका आजोबांनी तर सरळ विचारलं की मघाशी बोललात त्या तुम्हीच का, आणि हो म्हटल्यावर म्हणाले, मग आता सावकाश सांगा, मी लिहून घेतो. त्या महिन्यात प्रवेश बघायला येणारी माणसं वाढली. सगळ्यांनी प्रवेश घेतले असं नाही. पण कुणी पायरीवरून वळून गेलं नाही, आणि नर्सिंगच्या वर्गात पाच बाकं जास्त घालावी लागली.

भांडाराची बदली कुणी रद्द केली नाही आणि कुणी काढलीही नाही. कागद कुलसचिवांच्या टेबलावर एका वजनाखाली पडून राहिला. सासऱ्यांनी एकदा विचारलं, तेव्हा तिने ओरडून सांगितलं, "अण्णा, अजून फोनवरच आहे," आणि शेजारच्यांनाही कळलं.

एका गुरुवारी, दुपारच्या सुट्टीत, कुलसचिव तिच्या खिडकीशी आले. हातात फाईल होती, पण ती त्यांनी उघडली नाही. आधी बसचं विचारलं, मग यंत्राचं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, इथली शाळा कशी आहे.

"कितवीसाठी?"

"आठवीत जाईल. मुलगी आहे."

ती खुर्ची फिरवून त्यांच्याकडे वळली. सांगितलं की गणिताचे शिक्षक दर वर्षी बदलतात, त्याचा त्रास होतो. मुख्याध्यापिका मात्र रोज फाटकात उभ्या असतात आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. वर्ग मोठे नाहीत. गाण्याला कुणी नाही. कुलसचिव मान हलवत होते. मग त्यांनी भाड्याच्या घरांचं विचारलं, तेही असं की एखाद्या मित्रासाठी विचारताहेत.

"वहिनींशी बोललात का?" तिने विचारलं.

"तीच विचारायला सांगते आहे. मी सांगितलेलं तिला पटत नाही. म्हणते, तुम्ही माहितीपत्रकासारखं बोलता."

ती जरा हसली. लाइन मोकळी होती. तिने रिसीव्हर उचलून त्यांच्यापुढे धरला आणि नंबर लावायला सांगितलं. त्यांनी एकदा चुकीचा लावला, मग बरोबर. पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर त्यांनी रिसीव्हर घाईघाईने तिच्या हातात परत दिला आणि ते खिडकीपासून बाजूला जाऊन उभे राहिले, अगदी ऐकू येणार नाही इतके लांब नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा होता.

"एक दिवसाआड येतं," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. "पण भरपूर येतं. तुम्ही सावकाश विचारा, मला वेळ आहे."