कूलरच्या वाऱ्यातला तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. काचेची नळी, मागे लाकडी पट्टी, तिच्यावर पुसट झालेले आकडे, एवढाच माझा संसार. नळीत लाल रंगवलेलं स्पिरिट आहे, तरी इथले सगळे मला 'पारा' म्हणतात. मीही मुकाट्याने ओ देतो.

कारखान्यात मला आधी बर्फात बुडवलं, मग कोमट पाण्यात, आणि खुणा करून चंद्रपूरबाहेरच्या एका आखूड धावपट्टीवर पाठवलं. इथे मुलंमुली दोन आसनांचं विमान चालवायला शिकतात. उत्तरेकडच्या ओसरीत, सावलीत, मी सतरा वर्षं टांगलेला होतो. उडण्याआधी प्रत्येक जण माझ्यापाशी यायचा. ऊन तापलं की हवा विरळ होते, पंखांना पुरेसा आधार देत नाही, इंजिनालाही दम कमी पडतो. मग विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते. किती, ते माझा आकडा तक्त्याशी जुळवून काढतात. तेव्हा मला वाटायचं, विमानं मीच उडवतो. उडालो मात्र कधीच नाही.

यंदा एप्रिल सरता सरता माझी लाल रेघ पट्टीच्या टोकाशी पोचली. धावपट्टीची राखण करणाऱ्या वारलूभाऊंना माझी कीव आली. फुटून जाईल बिचारा, असं म्हणत त्यांनी मला आतल्या खोलीत, कूलरशेजारच्या खिळ्यावर टांगलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. वाळ्याचा ओला वास, अंगावरून जाणारी झुळूक. मी पेंगू लागलो. आपण काच नाही, ताडोब्याच्या तळ्यावर तरंगणारा ढग आहोत, असं स्वप्न मला भर दुपारी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी आली. चिमूरची मुलगी, परवान्याआधीचं तिचं शेवटचं लांब उड्डाण होतं. सोबत तिचे शिक्षक गुणवंतराव बसणार होते. ते येईपर्यंत तिने सगळं गणित मांडून ठेवायचं होतं. आई इंदुताईही आल्या होत्या. त्या शाळेत खिचडी शिजवतात, एका दिवसाची सुटी काढून लेकीचं विमान बघायला आल्या होत्या.

गणिताच्या नादात दिव्यानीने मी कुठे टांगलोय ते न बघताच माझा आकडा वाचला. चौतीस. आदल्या संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला होता, म्हणून तिला नवल वाटलं नाही. तक्त्यावर बोट फिरवून तिने ठरवलं की टाक्या भरून, दोघं बसूनही धावपट्टी पुरेल. धावपट्टीच्या टोकाला मोहाची उंच झाडं आहेत. मित्रांनो, माझ्या नळीत भीती दाटून आली, पण मला तोंड नाही. आकडा हीच माझी वाचा, आणि ती तर कूलरने गोठवली होती.

तेवढ्यात इंदुताई पाणी प्यायला आत आल्या. माझ्यापुढे उभ्या राहिल्या, झुळूक त्यांच्या पदराला लागली. त्या लेकीला म्हणाल्या, "बाई, बाहेर माह्या चपला डांबराले चिकटून राह्यल्या, अन् हा चौतीस सांगून राह्यला. हा तं कूलरच्या हवेत बसून हाय."

दिव्यानीचा चेहरा उतरला. तिने मला काढून ओसरीतल्या जुन्या खिळ्यावर लावलं आणि समोर उभी राहिली. माझी रेघ चढत गेली. चाळीस, त्रेचाळीस, शेहेचाळीस. नव्या गणितात विमान झाडांच्या शेंड्यांवरून जाईल असं दिसेना. गुणवंतराव आले, त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि उड्डाण दुसऱ्या दिवशी पहाटेवर ढकललं. वारलूभाऊंनी डोक्याला हात लावला.

इंदुताईंना मात्र संध्याकाळची बस धरणं भाग होतं. दिव्यानी रडवेली झाली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "विमान मले नाई दिसलं तं चालते. तू दिसली पायजे."

पहाटे मी अठ्ठावीस दाखवत होतो. गार, दाट हवेत ते विमान अर्ध्या धावपट्टीतच अलगद वर गेलं, मोहाची झाडं खाली राहिली, आणि ते चिमूरच्या दिशेला वळलं. इंदुताई तेव्हा शाळेची चूल पेटवत असतील. त्यांच्या वाटणीचंही मीच पाहून घेतलं.

वारलूभाऊ आता रोज माझी काच पुसतात आणि माफी मागतात. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही, माया कुणाची वाया जात नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला जपा. त्याला सावली द्या, गारवा देऊ नका. इंदुताईंनी पाणी प्यायला उशीर केला असता, तर त्या दुपारी मी चौतीसवरच पेंगत राहिलो असतो.