किल्ली हरवलेली तक्रारपेटी

मी तक्रारपेटी बोलतेय. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर, बसथांब्याशेजारच्या खांबाला टांगलेली लाल पेटी, ती मीच. माझ्या अंगावर 'महिला सुरक्षा' असं लिहिलंय. त्याखाली कुणीतरी 'खोली भाड्याने देणे आहे' हेही चिकटवलंय, तिकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म हडपसरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी रंगलो. शहरातले गुन्हे कमी करायचे तर आधी लोकांचं ऐकायला हवं, असं कुठल्याशा बैठकीत ठरलं होतं म्हणे. कॅमेऱ्यांनी बघायचं आणि आम्ही ऐकायचं. मला ही वाटणी फार आवडली.

उद्घाटन दणक्यात झालं. प्रमुख पाहुण्यांनी माझं कुलूप लावायचं आणि किल्ली चौकीच्या हवालदारांकडे सुपूर्द करायची, असा कार्यक्रम होता. कुलूप लागलं, पण किल्ली देण्याआधीच निवेदकाने घाईत सत्कार पुकारला. शाल, श्रीफळ आणि त्याच तबकातली किल्ली घेऊन पाहुणे हसतमुखाने गाडीत बसले. किल्ली एकच होती, हे मंडप उतरवताना सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. कुलूप तोडावं, तर मी सरकारी मालमत्ता! आठ महिने गेले. मी आपली मिळेल ते गिळत होते. बसची तिकिटं, एक लग्नपत्रिका, शेजाऱ्याच्या पोपटाविरुद्ध दोन पानी निवेदन. पोपट दुपारी एक ते चारमध्ये बोलतो, ही मुख्य तक्रार.

आणि दीक्षाच्या चिठ्ठ्या. ही मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. संध्याकाळी साडेसातला अभ्यासिकेतून घरी निघते. माझ्याच टपावर कागद ठेवून लिहायची, म्हणून मला अक्षर न् अक्षर कळायचं. मागच्या गल्लीत झाडाच्या फांद्यांनी दिवा झाकलाय. तिथे दोन मुलं मोटारसायकल आडवी घालतात, फोन नंबर मागतात. घरी सांगितलं, तर वडील अभ्यासिकाच बंद करतील. 'कृपया घरी कळवू नये,' असं तिने दोनदा अधोरेखित केलं होतं.

चिठ्ठी टाकली की ती दुसऱ्या दिवशी फटीतून आत डोकावायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका शनिवारी दुपारी तिने चौथी चिठ्ठी लिहिली. 'उत्तर आलं नाही. सोमवारपासून मी अभ्यासिका सोडते.'

माझ्याखाली वेणूबाई मेथी-कोथिंबीर विकतात. त्यांनी दीक्षाला डोळे पुसताना पाहिलं, जवळ बसवून घेतलं आणि सगळं विचारून घेतलं. तेवढ्यात चौकीचे हवालदार साईनाथ कोथिंबीर घ्यायला आले.

"साहेब, ही पेटी उघडा आधी."

"मावशी, किल्ली नाही. कुलूप तोडायचं तर वरून परवानगी लागते."

"तोडा कोण म्हनतंय? खांबावरनं काढा आन् उलटी करून हालवा की! पैशाचा गल्ला कधी हालवला न्हाई व्हय?"

आठ महिन्यांचा पत्रव्यवहार साईनाथांच्या चेहऱ्यावरून सरकून गेला. मग त्यांनी मला हुकावरून काढलं, पालथं केलं आणि असं काही गदगदा हलवलं की पोपटासकट सगळं बाहेर आलं. दीक्षाच्या चारही चिठ्ठ्या त्यांनी तिथेच उभ्याने वाचल्या. चौथी वाचून त्यांनी टोपी काढली.

"ताई, चुकलं आमचं," ते म्हणाले. "घरी काही कळणार नाही. सोमवारी या तुम्ही."

सोमवारी सकाळी पालिकेच्या माणसांनी फांद्या छाटल्या. संध्याकाळी साईनाथ गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. मोटारसायकलवाले आले, त्यांना थेट चौकीत नेलं. तेव्हापासून साडेसातची साईनाथांची फेरी चुकत नाही.

माझी किल्ली अजून आलेली नाही. पण दर सोमवारी मला पालथं केलं जातं. चक्कर येते, तरी माझी तक्रार नाही. एवढंच सांगते, तुमच्या भागातली माझी एखादी बहीण गप्प लटकत असेल, तर कुणाला तरी तिला हलवायला लावा.

काल दीक्षा मैत्रिणीशी फोनवर हसत माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, सरळ गल्लीत वळली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!