'कॉट बेसिस'चा सहावा भाग

सौदामिनीबाईंच्या घराचा वरचा मजला पंधरा वर्षं मुलींना भाड्यानं दिलेला होता. नांदेड, मुखेड, निलंगा, कुठून कुठून मुली लातूरला शिकवणीला यायच्या. एका खोलीत चार कॉट, भाडं कॉटमागं, भिंतीवर रसायनशास्त्राचे तक्ते. पुढं क्लासवाल्यांनी स्वतःचीच होस्टेलं बांधली आणि वरच्या खोल्या रिकाम्या पडल्या. त्या सबिहानं घेतल्या.

सबिहा निलंग्याची. बत्तीस वर्षांची, पुण्यात सात वर्षं ॲनिमेशनची नोकरी करून परत आलेली. तिच्याबरोबर दोघं होते. श्रीनाथ चित्रं काढायचा, बिलाल आवाज आणि जोडकाम बघायचा. मुंबईच्या एका मोबाइल ॲपसाठी तिघं मिळून आठ भागांची कार्टून मालिका करत होते. कार्टून म्हटल्यावर गल्लीतली पोरं जिन्यात गर्दी करायला लागली, तेव्हा सबिहानं दारावर पाटी लावली: 'हे मोठ्यांसाठी आहे.' मालिकेचं नाव 'कॉट बेसिस'. क्लासच्या गल्लीतली एक मेस, तिथं जेवणारी पोरं, त्यांचे आईबाप, त्यांचे सर आणि मेस चालवणारी, तोंडाची फटकळ कमळाकाकू.

कमळाकाकूचा आवाज सौदामिनीबाईंचा होता.

ते असं झालं. गॅसच्या टाक्या आणणाऱ्यानं एकदा जिन्यात टाकी आपटली, आणि सौदामिनीबाईंनी त्याचा असा काही उद्धार केला की वर बिलालच्या ध्वनिमुद्रणात तो शब्द न् शब्द उतरला. बिलालनं तो तीनदा ऐकला आणि सबिहाला ऐकवला. संध्याकाळी दोघं खाली आले. "काकू, पुण्याहून बाई आणून तिला मराठवाडी शिकवायची म्हणलं तर ते पुस्तकातलंच वाटायलंय," सबिहा म्हणाली. "तुम्हीच करा ना."

सौदामिनीबाई पन्नाशीच्या होत्या. नवरा वसंतराव एका शाळेत मुख्याध्यापक, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. वसंतरावांनी संहितेची दोन पानं वाचून बघितली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "कर. पण नाव द्यायचं न्हाई." म्हणून श्रेयनामावलीत कमळाकाकूच्या पुढं 'एक शेजारीण' असं येत होतं.

ध्वनिमुद्रणासाठी वरच्या मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. पंखा बंद, टाकीची मोटर बंद. सौदामिनीबाई पदर खोचून, उभं राहून वाचायच्या. पाच भाग झाले. त्यांना ते जमलं, आणि आपल्याला जमतंय हेही त्यांच्या लक्षात आलं.

सहावा भाग अडला होता. ॲपवाल्यांना भूकंपाचा भाग हवा होता. लातूर म्हटलं की त्यांना तेवढंच ठाऊक. सबिहाला तो नको होता. "सगळे रडवतात," ती म्हणायची. "आमच्या घरी भूकंपाच्या गोष्टी सांगताना लोक हसायचे पण. ते कुठं गेलं?"

एका दुपारी चहा पिता पिता सौदामिनीबाईंनी ती गोष्ट सांगितली.

त्यांचं लग्न त्र्याण्णवच्या मे महिन्यातलं. वसंतराव तेव्हा शिरूर अनंतपाळच्या शाळेत साधे शिक्षक. सप्टेंबरच्या शेवटी भूकंप झाला. त्यांचं घर पडलं नाही, भिंती फाटल्या; पण घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. सगळी गल्ली अंगणात, पत्र्याखाली, ताडपत्रीखाली. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि नवं जोडपं एका ओळीत. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. "नवऱ्याशी बोलायचं म्हणलं तरी शेजारचे ऐकून उत्तर द्यायचे," सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि बिलालनं चहा खाली ठेवला.

शेवटी वसंतरावांना दाढदुखी सुरू झाली. खोटीच. दाढ दाखवायला नांदेडला जायचं आणि बायकोच्या मावशीलाही भेटून यायचं, असं घरी सांगून दोघं सकाळच्या एसटीत बसले आणि नांदेडला स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरले. दुपारी दोनच्या सुमाराला खालून एक मालट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली. कुणीतरी जिन्यात ओरडलं, "हल्लं! हल्लं!" त्या दिवसांत एवढं पुरे होतं. सगळं लॉज रस्त्यावर. वसंतराव बनियनवर, सौदामिनीबाईंनी साडी कशीबशी गुंडाळलेली, आणि दोन हातांच्या अंतरावर, शेजारच्या खोलीतून पळत आलेले, वसंतरावांचे मुख्याध्यापक मलप्पा गुरुजी. तेही बनियनवर. मागं त्यांची बायको, काखेत उशी.

"मग?" सबिहानं विचारलं.

"मग काय. गुरुजींनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी गुरुजींकडं. आणि गुरुजी म्हणाले, 'वसंतराव, रजेचा अर्ज दिला होता का?'"

श्रीनाथ हसता हसता गादीवर आडवा झाला. सबिहा हसली नाही; ती वही शोधत होती.

आठवड्यात संहिता आली. कमळाकाकू मेसमधल्या पोरांना आपली गोष्ट सांगते. अंगणातली ओळ, खोटी दाढ, एसटी, लॉज, ट्रक. श्रीनाथनं गुरुजींचं चित्रही काढलं होतं: ढेरपोटे, बनियनला भोक, कपाळावर भस्माचे पट्टे. सौदामिनीबाईंनी वाचलं. छान होतं. लॉजच्या पानावर आल्यावर मात्र त्यांचा आवाज निघेना. पहिल्यांदा खोकल्याचं निमित्त झालं, दुसऱ्यांदा चष्म्याचं. तिसऱ्या दिवशी बिलालनं यंत्र बंद केलं आणि सबिहा आत आली.

"काकू, काय झालं?"

"अर्धंच सांगितलं मी तुला," सौदामिनीबाई म्हणाल्या.

गुरुजींना दोन मुलगे होते. अकरा वर्षांचा आणि आठ वर्षांचा. गणपतीला मामाच्या गावाला गेले होते, तेरणा नदीच्या काठी. विसर्जन बघून झोपले, पहाटे गाव पडलं. गुरुजी आणि नीलम्मा शिरूरला होते म्हणून वाचले. नीलम्मांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि भूकंपात मुलं गेलेल्या अशा बायकांसाठी ते पुन्हा उलटं करून द्यायची सोय तेव्हा निघाली होती. गुरुजी त्यांना नांदेडला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेले होते. दवाखान्याचं हे सौदामिनीबाईंना त्या दुपारनंतर पंधरा दिवसांनी कळलं. तरी पुढं अठ्ठावीस वर्षं, नणंदेला, बहिणीला, भिशीच्या बायकांना गोष्ट सांगताना त्या एवढंच सांगत आल्या: तेही आमच्यासारखेच आले होते.

"लोक हसायचे," त्या म्हणाल्या. "मधेच मुलांचं कसं सांगायचं?"

सबिहाच्या डोळ्यांत जे आलं ते सौदामिनीबाईंना आवडलं नाही. वाईट वाटल्याचं ते नव्हतं. दुकानात मनासारखं कापड सापडल्यावर येतं तसं होतं.

"काकू, हाच तर भाग हाय! लोक हसत असतील, हसत असतील, आणि मग तुम्ही हे सांगता. एकदम शांतता. मुंबईवाले वेडे होतील."

दुसऱ्या दिवशी नवं पान आलं. शेवटी गुरुजींच्या घरातली भिंत, भिंतीवर दोन मुलांचा हार घातलेला फोटो. सौदामिनीबाईंनी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि वसंतरावांना न सांगता रिक्षानं नीलम्मांकडं गेल्या.

मलप्पा गुरुजी वारून सहा वर्षं झाली होती. नीलम्मा लातूरलाच मुलीकडं राहायच्या. ही मुलगी, मृण्मयी, पंच्याण्णव साली जन्मलेली; एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची, तिचा फोटो चौकातल्या फलकावर होता. ती क्लासला गेली होती. नीलम्मा शेंगा निवडत बसल्या होत्या. त्रेसष्ट वर्षांच्या, पाठ ताठ.

"ये," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी."

सौदामिनीबाईंनी आडवळण घेतलं नाही. लॉजची गोष्ट त्यांनी सांगितली, कार्टून म्हणजे काय तेही, आणि मोबाइलवर श्रीनाथचं चित्र दाखवलं. नीलम्मांनी मोबाइल लांब धरून बघितला.

"पोट एवढं नव्हतं गुरुजींचं."

"न्हाई आक्का. बदलायला सांगते."

"भस्म बरोबर काढलंय." मोबाइल परत देऊन त्यांनी पुन्हा सूप पुढं ओढलं. "तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं? आम्ही कशाला आलो होतो?"

सौदामिनीबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला. "आम्हाला वाटलं, आमच्यासारखेच आला असाल. पुढं कळलं, दवाखान्याचं. आणि तरी मी सगळ्यांना तेच सांगत राहिले. माफी मागायलाच आले मी."

नीलम्मांनी दोन-चार शेंगा फोडल्या.

"दवाखाना आदल्या दिवशी झाला होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, उद्या गावाला जा. गुरुजी म्हणाले, एक दिवस राहू. अंगणात सगळा वाडा झोपून राहिलेला, तिथं रडायचीही चोरी होती. म्हणून राहिलो." त्यांनी सौदामिनीबाईंकडं बघितलं. "रडायलाच राहिलो होतो. पण नुसतं रडणंच झालं असं न्हाई. तुझं काही चुकलं न्हाई."

नीलम्मा पुढं म्हणाल्या, "परतीच्या एसटीत मी म्हणलं, अहो, त्या बिचाऱ्याला रजेचं काय विचारलं? म्हणाले, दुसरं काय विचारणार, मला काही सुचलंच न्हाई. आणि हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा."

मग सौदामिनीबाईंनी पर्समधलं पान काढलं आणि फोटोचा प्रसंग वाचून दाखवला. नीलम्मांचा हात थांबला.

"हे नको."

"बरं."

"लॉजचं घाला. गुरुजींना चाललं असतं, माणूस हसरा होता. पण पोरं त्यात नकोत. लोक हसत असताना मधे माझी पोरं उभी करायची न्हाईत, आणि लोकांना रडवायलाही न्हाईत. ती माझी हायत."

सबिहा ऐकायला तयार नव्हती. तिनं तासभर वाद घातला. नावं बदलू, एकच मुलगा दाखवू, फोटो नुसता ओझरता दाखवू. ॲपवाल्यांना तिनं शेवट फोनवर सांगूनही टाकला होता आणि त्यांना तो फार आवडला होता. "काकू, त्याच्याशिवाय ही नुसती लॉजची गोष्ट राहते," ती म्हणाली.

"मग लॉजचीच राहू दे," सौदामिनीबाई म्हणाल्या. "न्हाईतर दुसरी बाई बघ."

बिलाल कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. तो मान वर न करता म्हणाला, "सबिहा, तुझीच अम्मी काल म्हणत होती, भूकंपाचं कोणी विचारलं की मी उठून आत जाते म्हणून."

सबिहा खिडकीशी गेली. खाली क्लास सुटला होता, सायकली चालल्या होत्या. परत येऊन तिनं पान फाडलं नाही, काही नाटक केलं नाही. संगणकावर तो प्रसंग निवडला आणि काढून टाकला. ॲपवाल्यांशी भांडण मात्र तिचं दोन आठवडे चाललं. शेवटी त्यांनी भाग घेतला, पण बावीस मिनिटांचा अठरा मिनिटांचा करून.

सौदामिनीबाईंनी लॉजचं पान एका दमात वाचलं. 'तेही आमच्यासारखेच आले होते' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी ते पूर्वीसारखं ठसक्यात म्हटलं नाही, जरा हळू म्हटलं. बिलालनं पुन्हा घ्यायचं का विचारलं. सबिहा म्हणाली, असू दे.

भाग ऑगस्टमध्ये आला. लातुरात तो बऱ्यापैकी बघितला गेला; क्लासच्या पोरांनी 'रजेचा अर्ज दिला होता का' हे वाक्य उचललं, दांडी मारलेल्या मित्राला तेच विचारू लागले. भूकंपाची थट्टा केली म्हणून कुणी शिव्याही घातल्या. मुंबईवाल्यांनी दुसऱ्या आठ भागांना नकार कळवला. त्याचं कारण या भागात होतं की नव्हतं, ते सबिहाला कधी कळलं नाही. नीलम्मांनी मुलीच्या मोबाइलवर भाग बघितला आणि निरोप पाठवला की पोट अजून मोठंच आहे.

वसंतरावांनी रविवारी दुपारी, कानात वायरी घालून, एकट्यानं बघितला. सौदामिनीबाई स्वयंपाकघरात होत्या. शाळेत काय तोंड दाखवू, असं ते म्हणतील अशी तयारी ठेवून त्या बाहेर आल्या.

वसंतराव मोबाइल बंद करत होते. "लॉजवाल्यानं आधी खोलीच दिली न्हाई, ते घातलं न्हाई तुम्ही."

"दिली न्हाई? दिली की."

"तू बाहेर बाकड्यावर बसली होतीस. तो म्हणला, नवरा-बायको कशावरून? मी लग्नपत्रिका दाखवली."

"पत्रिका? तुमच्याकडं कुठून आली?"

"पाकिटात. घरून निघतानाच घेतली होती," वसंतराव म्हणाले. "विचारणार, हे मला माहीत होतं."

सौदामिनीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वसंतरावांनी जिन्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हे वर सांगायचं न्हाई."

सौदामिनीबाईंनी सांगितलं नाही.